केकचा काय गुन्हा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचकांच्या पत्रांमध्ये मागच्या पंधरवड्यात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. वाढदिवसाला केक कापणं ही पाश्चात्त्यांची घाण आहे, ती गावातून हद्दपार करावी आणि औक्षण करून पेढा द्यावा, असा त्यांचा सूर. पेढ्याला माझी ना नाही. औक्षण तर आमच्या घरी आजही होतं. पण रात्री बारा वाजता चौकात मोटारसायकलच्या सीटवर केक मांडायचा, तलवारीनं कापायचा, अर्धा पोराच्या तोंडाला फासायचा नि अर्धा रस्त्यावर सांडायचा, वरून डब्यातला फेस उडवायचा, हे सगळं आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो असं त्यांनी लिहिलं, ते काही मला पटलं नाही. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी कापूस आणि तूर आहे. मागच्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्सला, म्हणजे आपण हॉलंड म्हणतो त्या देशात, राहून आले. तिथले वाढदिवस पाहिले, बाजार पाहिले आणि गोडधोड भरपूर खाल्लं. म्हणून लिहिते आहे.

लेक-जावई द हेगला असतात. मी गेले ते ऐन कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे आमचे हे शेतावरच राहिले. सोबत डिंक, खारकेची पूड, सुंठ, हळीव असं बाळंतिणीचं सामान घेतलं. तूप मात्र नेता आलं नाही. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला युरोपात बंदी आहे, हे लेकीनं आधीच बजावून ठेवलं होतं. तिथं गेल्यावर दुकानातलं बिनमिठाचं लोणी आणून कढवलं. गाईंचाच देश आहे तो, तूप असं रवाळ निघालं की लाडू वळताना हात थांबेना.

नात झाली. तिकडं सगळं ठीक असलं तर बाळंतिणीला दवाखान्यात फार ठेवून घेत नाहीत, काही तासांतच घरी पाठवतात. मग जवळपास आठवडाभर एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. बाळाची अंघोळ, आईचा ताप-टाके पाहणं, दूध नीट येतं की नाही ते पाहणं, आल्या-गेल्याला कॉफी देणं, सगळं तीच करते आणि बराचसा खर्च विम्यातून होतो. या बाईनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि गोल टोस्टांचा पुडा फोडला. तळहाताएवढा एकेक टोस्ट, जरा दाबला की चुरा. त्याला लोणी लावायचं आणि वर साखरेचं कवच चढवलेली विलायती बडीशेप भुरभुरायची. लोणी लावायचंच, नाहीतर दाणे घरभर उडतात. मुलगी झाली तर दाणे गुलाबी आणि पांढरे, मुलगा झाला तर निळे आणि पांढरे. त्यांच्या राजघराण्याचा रंग नारिंगी. १९३८ मध्ये राजकन्या बेआट्रिक्स जन्मली तेव्हा म्हणे नारिंगी दाणे निघाले होते. बाळ पाहायला जो येईल त्याच्या हातात हा टोस्ट. पोस्टमनला दिला, वरच्या मजल्यावरच्या पोरांना दिला.

बडीशेपेनं आईला दूध येतं, अशी त्यांच्याकडे जुन्या बायकांची समजूत. आपण बाळंतशेपा देतो तो काय वेगळ्यासाठी? त्या बाईला मी डिंकाचा लाडू दिला. तिनं तो सुरीनं चार भाग करून खाल्ला आणि उरलेले दोन कागदात गुंडाळून घरी नेले. आपल्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. तिथं पदार्थ एकच, नुसता रंग बदलतो. मला ते बरं वाटलं.

केकवर येतेच, पण आधी बाजाराचं सांगू द्या. द हेगमध्ये उघड्यावरचा मोठा बाजार भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा आठवड्यातून चार दिवस. त्यांच्याकडं हा फार मोठ्या बाजारांत मोजतात. भाजी, मासळी, कापड, चपला, सगळं एका रांगेत, आणि दुकानदार ओरडून भाव सांगतात. कानाला अगदी गार वाटलं. भेंडी होती, कारली होती, हातभर लांब शेंगा होत्या. आणि एका गाडीवर एक बाई वडे तळत होती. चपटे, मधे भोक पाडलेले. उडदाचं पीठ, जिरं, लसूण आणि हिरव्या पानांचे तुकडे. ते लोक याला बारा म्हणतात आणि वर झणझणीत मिरचीची चटणी घालून देतात. मी हिंदीत विचारलं, तिनं तिच्या बोलीत उत्तर दिलं, आणि अर्धं-अधिक मला कळलं.

ही मंडळी सूरीनामची. दक्षिण अमेरिकेतला हा देश पूर्वी डचांच्या ताब्यात होता. १८६३ मध्ये त्यांनी तिथली गुलामगिरी बंद केली, तरी आणखी दहा वर्षं त्या माणसांना मळ्यांवर राबणं सुटलं नाही. ती मुदत संपत आली तशी मळ्यांना मजूर हवे झाले. मग १८७३ मध्ये लाला रूख नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून करारावरची माणसं घेऊन तिथं गेलं. पुढं १९१६ पर्यंत अशी ३४ हजारांवर माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. १९७५ मध्ये सूरीनाम स्वतंत्र झाला आणि त्यांतले खूपजण हॉलंडला आले. दोन समुद्र ओलांडून तो उडदाचा वडा मला हेगच्या बाजारात सापडला. आमच्याकडं पित्रांना वडे होतात. पण सांगते, त्या बाईच्या हाताला जी चव होती ती आमच्या घरी माझ्याही हाताला नाही.

गोडाचं खरं गाव गौडा. हेगहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. (आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला बंद पडली ती पडलीच, म्हणून रेल्वेचं कौतुक इथंच थांबवते.) गौडा म्हटलं की जगाला चीज आठवतं. तिथला चीजचा जुन्या पद्धतीचा बाजार उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी भरतो, मी थंडीत गेले. चौकात मधोमध १४५० च्या सुमाराचं दगडी नगरगृह एकटंच उभं आहे आणि त्याच्या भोवती बाजाराच्या कनाती. तिथं स्ट्रोपवाफेल करताना पाहिली. लोणी, अंडं आणि खमीर घालून मळलेल्या कणकेचा गोळा तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमधे दाबतात. पाट्यांवर जाळीची नक्षी असते. क्षणात पातळ चकती तयार होते. आता खरी कसोटी. ती चकती गरम आहे तोवर सुरीनं आडवी चिरून तिचे दोन पदर वेगळे करायचे, आत दालचिनी घातलेला दाट पाक पसरायचा आणि पुन्हा दाबायचं. जरा थंड झाली की ती चिरत नाही, मोडते. करणारा पोरगा पंचवीसेक वर्षांचा असेल. मान वर न करता एकामागून एक काढत होता. पूर्वी बेकरीत उरलेला चुरा पाकात घालून हे केलं जायचं आणि गरिबांचं खाणं होतं, असं तिथं सांगतात. आज विमानतळावर रंगीत डब्यांत विकतात. पण डब्यातली ती डब्यातलीच, उभ्यानं हातात घेऊन पाक हनुवटीवर ओघळवत खाल्ली ती निराळी. डब्यातली खायची तर वाफाळत्या चहाच्या कपावर मिनिटभर झाकून ठेवतात, म्हणजे आतला पाक सैल होतो.

पाक उसाचा नसतो, बिटाचा असतो. रेल्वेच्या खिडकीतून शेताच्या धुऱ्यावर बिटाचे ढीग दिसले, कारखान्याची गाडी यायची वाट पाहत पडलेले. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी लढाई चालू असताना समुद्रावरून येणारी उसाची साखर अडली आणि युरोपात बिटाच्या साखरेनं जोर धरला, असं जावयांनी सांगितलं. शेतकऱ्याच्या घरची बाई म्हणून मी ढीगच मोजत बसले.

त्याच बाजारात पोफर्चेस खाल्ले. खळग्या-खळग्यांचा बिडाचा तवा, त्यात बकव्हीट म्हणजे कुट्टूच्या पिठाचं आंबवलेलं पातळ पीठ सोडायचं, काट्यानं फटाफट उलटायचं, वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखरेचा पाऊस. मुलं यावर तुटून पडतात. तिथली मुलं सकाळीही पावाला लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरून खातात आणि आई-बाप त्याला न्याहारी म्हणतात! मला हे मुळीच आवडलं नाही. सगळंच काही वाखाणण्यासारखं नाही तिकडं. दुपारच्याला साहेबापासून चपराशापर्यंत सगळे थंड पाव नि चीज खातात, ताजं काही नाही. संध्याकाळी सहाला जेवून मोकळे. बटाटे उकडून मीठ लावलं की झाली भाजी.

आणि त्यांचं ते ड्रॉप! काळ्या रंगाच्या चघळायच्या गोळ्या. वर्षाला माणशी सुमारे २ किलो खातात असं सांगतात. मूळ ज्येष्ठमधाचं, म्हणजे आपल्या खोकल्यावरच्या मुळीचं. गोड असतं तोवर ठीक. खारट प्रकारात मात्र ते नवसागर घालतात. हो, तोच. कल्हईवाला तापल्या पातेल्यात ज्याची चिमूट टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तो नवसागर. मी मुद्दाम दोन्ही प्रकार आणले. आमच्या ह्यांनी खारटाची गोळी तोंडात घातली, डोळे मिटले आणि अंगणात जाऊन थुंकून आले. म्हणाले, "अवो, हे तं कल्हईवाल्याचं सामान हाये!" गावातल्या एका म्हाताऱ्या काकांना मात्र ती भलतीच आवडली, त्यांनी पाकीटच ठेवून घेतलं. नंतर त्यांच्या सुनेला सांगून ठेवलं की काकांना रक्तदाब असेल तर जरा हात आखडता घ्या. ज्येष्ठमध फार झालं तर रक्तदाब चढतो. आणि शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक. तिकडच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते जनावराचं. पाकीट वाचून घ्यावं. भाषा येत नसेल तर लेकीला वाचायला लावावं.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांचा सिंटरक्लास येतो, म्हणजे मुलांना खाऊ देणारा संत. लाल अंगरखा, पांढरी दाढी, पांढरा घोडा. आधीच्या दिवसांत मुलं रात्री बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर, आणि सकाळी बुटात खाऊ सापडतो. ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं. सिंटरक्लासचे सोबती तोंडाला काळं फासून यायचे, त्यावर तिकडंही पुष्कळ भांडणं झाली आणि आता बऱ्याच गावांत ते बंद झालंय. या दिवसांत घराघरात स्पेक्युलास नावाची बिस्किटं असतात. लाकडी साच्यात पीठ दाबून पवनचक्कीची नाहीतर सिंटरक्लासची आकृती उठवतात. वास आला आणि मी थबकले. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची. माझ्या मसाल्याच्या डब्यातलं एकूण एक.

मसाला तिथं उगवत नाही, हे सांगायला नको. १६०२ मध्ये त्यांनी डच ईस्ट इंडिया कंपनी काढली, तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. पडकी भिंत अजून आहे. जायफळ तेव्हा जगात फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर व्हायचं. ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून १६२१ मध्ये कंपनीच्या फौजेनं तिथले बहुतेक लोक मारले, नाहीतर पळवले, गुलाम केले. जावई हे सांगत होते तेव्हा बिस्कीट माझ्या हातात होतं. खाल्लं मी, खोटं कशाला सांगू. पण आता पुरणात जायफळ किसताना ते आठवतं.

वर्ष संपताना ओलीबोलन. मैदा, दूध, खमीर आणि मनुका घालून भिजवलेलं सैलसर पीठ चमच्यानं गरम तेलात सोडायचं. आषाढात आपण गुलगुले तळतो त्यांच्याहून दुप्पट मोठे गोळे, वर पिठीसाखर. थंडीभर नाक्यानाक्यावर त्यांचे ठेले उभे राहतात आणि ३१ डिसेंबरला रांगा लागतात. तिथल्या अल्जेमीन डागब्लाड नावाच्या दैनिकानं बरीच वर्षं एक उद्योग केला, तो आपल्याला सांगण्याजोगा आहे. दर डिसेंबरात त्यांची माणसं देशभरातल्या ठेल्यांवर जाऊन गोळे विकत घ्यायची, खाऊन पाहायची आणि गुण द्यायची, कोणाचा तेलकट, कोणाचा कच्चा, सगळं नावानिशी छापून. पहिला आलेल्याच्या ठेल्यावर चेंगराचेंगरी, शेवटी आलेल्याचा धंदा बसला. विदर्भातल्या आठवडी बाजारांतल्या आलुबोंड्यांना कोणी असे गुण देईल तर दोन-चार कढयांतलं तेल तरी वेळेवर बदललं जाईल.

आता वाढदिवस.

लेकीच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. त्यांचा ७५ वा वाढदिवस होता. आठवडाभर आधी चिठ्ठी आली, दुपारी कॉफीला या म्हणून. मी लेकीला विचारलं, काय न्यायचं, केक कोण आणणार? ती हसली. म्हणाली, "आई, केक त्याच करतील. वाढदिवस त्यांचा आहे ना." मला काही उमजेना. ज्या बाईचा पंचाहत्तरावा वाढदिवस, तीच ओट्याशी उभी राहून सगळ्यांसाठी केक करणार?

तसंच झालं. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडं काहीतरी परत द्यायला गेले, तर आजी सफरचंदं सोलत बसलेल्या. मीही बसले. आमची भाषा एक नाही, पण सुरी दोघींना चालवता येते. आंबट जातीची सफरचंदं घेतात. फोडींना साखर, दालचिनी, मनुका आणि लिंबाचा रस चोळला. मैदा, लोणी, साखर आणि अंडं यांचं पीठ हातानंच एकत्र करून उंच काठाच्या गोल डब्याला आतून चांगलं जाड थापलं. त्यात फोडी अगदी काठोकाठ भरल्या आणि वर पिठाच्या पट्ट्यांची आडवी-उभी जाळी घातली. तासभर भट्टीत. मधे त्यांनी भट्टीचं दार उघडून मला वास घ्यायला बोलावलं. फेस नाही, गुलाबाचं फूल नाही, वर कोणाचं नाव नाही, फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. आजींच्या खुर्चीला कागदी माळा. आणि आता ऐका. आत येणारा माणूस आजींचं अभिनंदन करतो, मग त्यांच्या मुलाकडं वळून, आईच्या वाढदिवसाबद्दल तुमचं अभिनंदन म्हणतो, मग सुनेचं, मग नातवाचं, असं सगळं वर्तुळ पुरं करतो. मला वाटलं आपण सुटलो. एक उंचापुरा गृहस्थ माझ्यासमोर उभा राहिला, हात हातात घेतला आणि, लेकीनं सांगितलं ते असं, शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल त्यानं माझं अभिनंदन केलं! साठीच्या घरात आलेल्या मला पहिल्यांदाच कळलं की दुसऱ्याच्या वाढदिवसाचं श्रेय आपल्यालाही मिळू शकतं. त्या आजींना जगवायला सगळ्यांचा थोडाथोडा हात लागला, असं काहीतरी त्यामागं असावं. त्यांनी मला असं कोणी समजावून सांगितलं नाही, हा माझाच तर्क.

केकचा एक तुकडा, एक कप कॉफी. तुकडा संपला, ताटली ठेवली, दुसरा कोणी विचारला नाही. हे मात्र मला लागलं. आपल्याकडं आग्रह केल्याशिवाय पाहुण्याचं पोट भरत नाही. त्या लोकांबद्दल त्यांच्यातच विनोद आहे, की एक बिस्कीट दिलं की डब्याचं झाकण बंद. नंतर चीजचे तुकडे आणि सरबतं आली, पण केकची दुसरी फेरी नाही ती नाहीच. माझी जीभ चळली होती म्हणूनही असेल, पण आग्रहाच्या बाबतीत आपणच बरे.

हात धुवायला गेले तर संडासात भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं. मी लेकीला बाहेर येऊन कानात विचारलं, आजींचं डोकं ठिकाणावर आहे ना? तर ते वाढदिवसांचं कॅलेंडर. घरोघरी तिथंच असतं म्हणे, रोज नजर जाईल अशा जागी. त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा आणि त्यांपुढं नावं, म्हणजे दरवर्षी तेच चालतं. माझ्या लेकीचं नाव होतं, नातीचं नवीन शाईनं घातलेलं होतं. जागा काही मला मंजूर नाही. आमच्याकडं अशी नावं देवघराशेजारच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाजवळ लिहितात.

कचेरीतही तसंच. ज्याचा वाढदिवस त्यानं सगळ्यांना केक न्यायचा. लेकीचा असतो तेव्हा तीच नेते, साहेबांचा असतो तेव्हा साहेब स्वतः डबा उचलून टेबलाटेबलाशी जातात. शाळेत ज्या मुलाचा वाढदिवस ते वर्गाला खाऊ वाटतं. हल्ली खूप शाळा सांगतात की गोळ्या-चॉकलेटं नकोत, फळांच्या फोडी काडीला टोचून आणा. आई-बाप आदल्या रात्री बसून त्या काड्यांना वाघाचं नाहीतर सुरवंटाचं रूप देतात.

तर पत्रलेखक महाशयांना माझं सांगणं असं, की ज्यांच्या नावानं आपण बोटं मोडतो त्यांच्याकडं वाढदिवसाचा माणूस दुसऱ्यांना खाऊ घालतो, घरी भाजलेलं, एक तुकडा का होईना. तोंडाला फासायला तिथं केक उरतच नाही. आणि ही रीत आपल्याला परकी आहे का? माझ्या लहानपणी, आणि आजही जिल्हा परिषदेच्या शाळेत, ज्याचा वाढदिवस ते पोर नवीन कपडे घालून वर्गात गोळ्या वाटतं, गुरुजींच्या पाया पडतं. मग हेच पोर मोठं होऊन चौकात उभं राहिलं की याचं उलटं कसं होतं? तेव्हा त्याला लोकांनी केक आणायचा, लोकांनी फटाके लावायचे, लोकांनी फ्लेक्स टांगायचा. फ्लेक्सवर वरच्या रांगेत साहेब, मधे हा, खाली चाळीस चेहरे, आणि खाल्लं कोणी? कुत्र्यांनी, रस्त्यावरचं.

भाजायची कला तर आपल्याकडं होतीच. वाळूवर डबा ठेवून, झाकणावर निखारे घालून रव्याचा केक करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दिवाळीआधी तालुक्याच्या भट्टीवर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन जायचं, नंबर लावायचा आणि नानखटाईचे पत्रे भरून आणायचे, हे अजूनही होतं. रांगेत बसून अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी तिथंच जुळतात. आता भट्टीवाले कमी झालेत. पोरं म्हणतात, कोण भट्टीसमोर भाजून घेईल, क्रीमचा केक शहरातून येतो, तो विकला की झालं.

या उन्हाळ्यात चुलतपुतण्याच्या मुलाचा वाढदिवस होता. त्याला फोटोचा केक हवा होता, क्रिकेटपटूचा. मी म्हटलं, एक करू. तू माझ्यासोबत भट्टीवर चल, आपण दोघं करू, मग तुला नाही आवडला तर फोटोचा आणू. रवा, दही, गूळ, तूप, वेलची आणि थोडी चारोळी. सफरचंदं परवडत नाहीत या दिवसांत, म्हणून आमच्या झाडाच्या कैऱ्या किसून गुळात परतून मधल्या थरात घातल्या, थोडी दालचिनी. भट्टीवाले भाऊ आधी हसले, मग स्वतःच पत्रा फिरवून फिरवून पाहू लागले, कारण त्यांची भट्टी मागच्या बाजूला जास्त तापते. पोरानं डबा मांडीवर घेऊन ऑटोतून आणला. कोणाला हात लावू देईना. शाळेला सुटी होती, म्हणून गल्लीतल्या पोरांना बोलावलं आणि तुकडे त्यानंच कापले, त्यानंच वाटले. मी त्याच्या आईचं अभिनंदन केलं. ती गोंधळली. मग आजीचं केलं, तर आजी म्हणाली, "माह्या कायचं वो?" आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. फोटोच्या केकची आठवण संध्याकाळी एकदा निघाली, पण तोवर दुकान बंद झालं होतं.

मला गावात दुसरी भट्टी काढायची नाही आणि कोणाला उपदेशही करायचा नाही. तलवारीनं केक कापणाऱ्यांचं काय करायचं ते पोलीस पाहतील, शस्त्राचा कायदा त्यांच्याकडं आहे.

मागणं आहे ते आपल्याकडं, संपादक साहेब. आपल्या दैनिकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या पान-पान जाहिराती येतात. हार घातलेला फोटो, खाली शुभेच्छुकांची यादी. जाहिरातीचा पैसा आपल्याला लागतो, ते मला समजतं, कागद काही फुकट येत नाही. पण जाहिरात घेताना आपण नाव, पद आणि फोटो मागता, तिथं आणखी एक रकाना छापा: वाढदिवसानिमित्त स्वतःच्या पैशानं कोणाला काय खाऊ घातलं? अंगणवाडीला केळी दिली तर केळी लिहा, शाळेला नानखटाई दिली तर नानखटाई लिहा. काहीच दिलं नसेल तर रकाना कोरा छापा. फोटोच्या शेजारीच छापा, म्हणजे नीट दिसेल.

आपली नम्र,
एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ